नजरेतून सुटलेलं सामान

वेल्समधल्या जुन्या मृत्युपत्रांसोबत मयताच्या मालमत्तेची यादी असते, आणि तिची सुरुवात बहुतेक वेळा कपड्यांपासून होते. मयत माणसाच्या वापरातले कपडे आणि त्याच्या कनवटीचे पैसे, दोन्ही मिळून अमुक शिलिंग. मग गोठा. दुभत्या गायी, बैल, कालवडी, डोंगरावरच्या मेंढ्या, एखादी घोडी, एक-दोन डुकरं, कोंबड्या, कुठे मधमाश्यांच्या पेट्या. मग कोठारातलं ओट आणि बार्ली, शेतात उभं असलेलं पीक, नांगर, विळे. त्यानंतर यादी घरात शिरते. पिसांची गादी, कांबळी, पितळेची पातेली, कथलाच्या ताटल्या, लोणी घुसळायचं पिंप, चरखा. उजवीकडे पौंड, शिलिंग आणि पेन्स असे तीन रकाने. आणि अगदी तळाशी, बेरजेच्या जरा वर, अनेक याद्यांमध्ये एक ओळ सापडते: नजरेतून सुटलेलं आणि विसरलेलं इतर सामान, इतके इतके शिलिंग.

ही शेवटची ओळ मला फार जवळची वाटते. मेलेल्याच्या घरात किमती लावायला जाणारी माणसं शेजारपाजारचीच असायची. आठव्या हेन्रीच्या काळात, १५२९ साली झालेल्या कायद्याने मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यावर एक जबाबदारी टाकली होती. किमान दोन माणसांना सोबत घ्यायचं, मालमत्तेची खरी यादी करायची आणि ती बिशपच्या कोर्टात शपथेवर सादर करायची. मग गावातली दोन-चार जाणती माणसं जायची. गाय किती वेतांची आहे, बाजारात तिचं काय येईल, हे त्यांना तोंडपाठ असायचं. त्या घरात ती कधीतरी जेवलेली असायची, त्या पातेल्यातलंच वाढून घेतलेलं असायचं. माळ्यावर, खाटेखाली, कुठल्यातरी कोनाड्यात काहीतरी राहून गेलंच असणार, हेही त्यांनाच माहीत. शपथेवर दिलेली यादी खोटी पडू नये म्हणून त्यांनी न पाहिलेल्या वस्तूंचीही किंमत लावून टाकली. हिशेबातला असा प्रामाणिकपणा मी फार थोड्या कागदांवर पाहिला आहे, आणि कागद मी आयुष्यभर पाहिले आहेत.

माझी नोकरी बँकेत गेली, आणि त्यातला मोठा काळ मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, नॉमिनेशन असलं तर ठीक, नसलं तर क्षतिपूर्तीचा बाँड, जामीनदार, आणि कधीतरी पिवळ्या पाकिटात जपून आणलेलं मृत्युपत्र. समोर बसलेल्या माणसांना धीर देत देत आम्ही त्यांच्याकडून कागद मागत राहायचो. निवृत्त झाल्यावर भाचीकडे वेल्समध्ये, कार्डिफला राहायला गेले. तिच्या शेजारच्या बाईंनी चहाला बोलावलं आणि लॅपटॉपवर आपल्या खापरपणजोबांच्याही मागच्या कुणा पूर्वजाचं मृत्युपत्र दाखवलं. हस्ताक्षर मला लागत नव्हतं, पण कागदाचा घाट मात्र लगेच ओळखू आला. वर मृत्युपत्र, सोबत यादी, खाली साक्षीदार, मागे कोर्टाची नोंद. त्या दिवसापासून मी हे कागद वाचते आहे. मोडीसारखीच ती जुनी लिपीही सरावाने लागते, आधी तारीख, मग नाव, मग वस्तू.

हे सगळं मूळ कागदपत्र अॅबरिस्टविथला, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १९०७ साली स्थापन झालेलं हे ग्रंथालय कार्डिगनच्या उपसागराकडे तोंड करून टेकडीवर उभं आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १८५८ पर्यंत वेल्समधल्या चर्चच्या कोर्टांनी मंजूर केलेली १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रं, म्हणजे सुमारे आठ लाख पानं, त्यांनी स्कॅन करून सर्वांसाठी मोफत खुली केली आहेत. ठाण्यातल्या घरी बसून मी ती बघते. एका छोट्या देशाने आपल्या सामान्य माणसांची इतकी कागदं अशी जगासमोर ठेवावीत, यात मला त्या देशाचा मोठेपणा दिसतो.

मृत्युपत्राचा आणि चर्चचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. मध्ययुगापासून तिथे अशी वाटणी होती की जमिनीचे वाद राजाच्या कोर्टात जायचे आणि जंगम मालमत्तेचा, म्हणजे गुरं, धान्य, भांडी, येणी यांचा निवाडा चर्चकडे असायचा. माणूस मरताना आत्मा देवाला सोपवतो, पापांची भरपाई करतो, दानधर्म करतो. मग उरलेल्या वस्तूंची व्यवस्था त्याच कागदावर, त्याच पाद्र्याच्या देखरेखीखाली होणं त्या काळाला स्वाभाविक वाटत होतं. वेल्समध्ये चार बिशप. बँगॉर, सेंट आसफ, सेंट डेव्हिड्स आणि लँडॅफ. प्रत्येकाचं आपापलं कोर्ट. सेंट डेव्हिड्सचा पसारा मोठा म्हणून ब्रेकनच्या आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं, वेगळं दप्तर. ईशान्य कोपऱ्यात हावर्डन नावाचा एक परिसर असा, की त्याला स्वतःचाच अधिकार होता. सीमेवरची काही गावं चेस्टर किंवा हेरफर्डच्या इंग्रज बिशपांकडे, तर इंग्लंडमधलं ऑस्वेस्ट्री सेंट आसफकडे. पूर्वज शोधणाऱ्याला आधी नकाशा पाठ करावा लागतो. ज्याची मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत होती आणि पाच पौंडांच्या वर होती, त्याचं मृत्युपत्र थेट कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात जायचं. म्हणून बडे जमीनदार आणि व्यापारी बहुधा लंडनच्या दप्तरात सापडतात आणि अॅबरिस्टविथला उरतात ते मधले लोक. बेताचा शेतकरी, विणकर, लोहार, खलाशी, विधवा. अगदी गरीब माणूस मात्र दोन्हीकडे नाही. कोर्टात न्यावं असं त्याच्या मागे काही उरायचंच नाही.

लँडॅफ आता कार्डिफचाच एक भाग झाला आहे. टॅफ नदीच्या काठाने चालत गेलं की ते कॅथीड्रल खोलगट जागेत दिसतं. तिथे उभी असताना मला मुंबईचं फोर्ट आठवलं, आणि त्याला कारण आहे. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या मेयर्स कोर्टांना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी, देण्याचा अधिकार मिळाला. पुढे मुंबईत रेकॉर्डर्स कोर्ट आलं, मग सुप्रीम कोर्ट आणि १८६२ ला हायकोर्ट. त्या जुन्या कोर्टांच्या सनदांमध्ये या अधिकाराचं नावच 'एक्लिजिअॅस्टिकल', म्हणजे चर्चचा अधिकार, असं होतं. माझ्या नोकरीच्या काळात गिरगावातल्या एखाद्या आजींच्या मृत्युपत्राला आम्ही प्रोबेट मागायचो, ते या वाटेने इथवर आलं होतं. मृत्युपत्र न करता कोणी गेलं तर लागणारं 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', त्यासाठीचा बाँड, दोन जामीनदार, सगळं तसंच वेल्सच्या कागदांत आहे. १७३३ पर्यंतच्या बाँडचा वरचा अर्धा भाग लॅटिनमध्ये असतो आणि खालच्या अर्ध्या भागात इंग्रजीत अटी. यादी अमुक तारखेच्या आत आणून द्यावी, हिशेब दाखवावा. आपल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात आजही एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, सहा महिन्यांत मालमत्तेची यादी कोर्टात द्यायची तरतूद आहे. हा धागा हाताला लागला तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं ज्या कागदांत बुडाले होते, त्यांचं घराणं मला पहिल्यांदा कळलं.

आता या कागदांतलं सर्वात मोठं दुःख. खाटेवर पडलेला माणूस वेल्श बोलतो आहे. त्याची बायको, मुलं, उशाशी बसलेले शेजारी, सगळे वेल्श बोलतात. गावातला पाद्री किंवा लिहिता येणारा कोणी कागद घेऊन बसला आहे आणि तो लिहितो आहे इंग्रजीत. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टाची, कारभाराची भाषा इंग्रजी ठरली. चर्चच्या कोर्टांतही तोच शिरस्ता पडला. मृत्युपत्र मंजूर झालं की कारकून त्याखाली लॅटिनमध्ये शेरा मारायचा. म्हणजे एका कागदावर दोन भाषा, आणि मरणाऱ्याची तिसरी भाषा त्यात नाहीच. एवढ्या मोठ्या साठ्यात वेल्शमधून लिहिलेली मृत्युपत्रं अगदी थोडी. वेल्श उरते ती शेतांच्या, वाड्यांच्या नावांत आणि माणसांच्या टोपणनावांत, कारण त्यांना इंग्रजी प्रतिशब्दच नव्हते.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. देवाच्या नावाने, आमेन. मी अमुक, शरीराने आजारी पण देवाच्या कृपेने स्मरणशक्ती शाबूत असलेला. आत्मा सर्वशक्तिमान परमेश्वराला, देह अमुक गावच्या चर्चच्या आवारात पुरण्यासाठी. मग बिशपच्या कॅथीड्रलला काही पेन्स. हा मजकूर लिहिणाऱ्याचा असतो. पुष्कळदा एकाच गावातल्या कितीतरी मृत्युपत्रांत शब्दान् शब्द तोच सापडतो, आणि लिहिणारा पाद्री बदलला की तोही बदलतो. त्यावरून मरणाऱ्याची श्रद्धा मोजायला जाऊ नये.

पण त्यानंतर 'आयटम' असा शब्द येतो आणि वाटणी सुरू होते, तिथे मी सावध होऊन वाचते. काळी गाय एका मुलीला आणि तिचं वासरू दुसऱ्या मुलीच्या पोराला. मोठं पातेलं थोरल्याच्या बायकोला, लहान पातेलं धाकटीला. चांगला कोट भावाला, रोजचा कोट गड्याला. हे लिहिणाऱ्या पाद्र्याला कुठून सुचणार? कोणती गाय शांत आहे, कोणत्या मुलीच्या घरी दूध कमी पडतं, कोणत्या सुनेने आजारपणात केलं, हे फक्त खाटेवरच्या माणसाला माहीत होतं. भाषा परकी असली तरी हा क्रम त्याचा आहे. कोणाचं नाव आधी घेतलं, कोणाला वस्तू दिली आणि कोणाला नुसता एक शिलिंग. एक शिलिंग दिला की वारसाला 'माझा विसर पडला' असं म्हणून कोर्टात जाता येत नाही, अशी लोकांची समजूत होती. आणि ज्याला सगळं आधीच देऊन झालेलं असे, त्यालाही नाव राहावं म्हणून एक शिलिंगच लिहिला जायचा. त्यामुळे शिलिंग दिसला की भांडण होतं असं ठरवून टाकायचं नाही. आधी लग्नात काय दिलं होतं ते बघायचं.

तळाला सही. पुष्कळ कागदांवर सही नसून खूण आहे. कारकुनाने दोन्ही बाजूंना नाव लिहून 'याची खूण' असं म्हटलेलं, आणि मधे एक वाकडीतिकडी फुली किंवा थरथरत्या हाताने काढलेलं एखादं अक्षर. स्क्रीनवर ती खूण मोठी करून पाहिली की टाक कुठे टेकला, कुठे घसरला, शाई कुठे साचली ते दिसतं. हा निरक्षर होता, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. थांबायला हवं. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी केलेलं बायबलचं वेल्श भाषांतर छापलं गेलं. हेच मॉर्गन पुढे लँडॅफचे आणि नंतर सेंट आसफचे बिशप झाले. १६३० साली पाच शिलिंगांचं छोटं बायबल निघालं, घरात ठेवता येईल असं. मग अठराव्या शतकात लान्डाउरोर गावचे रेक्टर, म्हणजे तिथले पाद्री, ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा सुरू केल्या. शेताची कामं कमी असताना, मुख्यतः हिवाळ्यात, गुरुजी एका गावात सुमारे तीन महिने थांबायचे, मुलांना दिवसा आणि मोठ्यांना रात्री शिकवायचे आणि पुढच्या गावाला जायचे. १७६१ मध्ये जोन्स वारले तोवर अशा ३,००० हून अधिक शाळा भरल्या होत्या आणि त्यांच्याच अहवालांप्रमाणे दीड लाखाच्या वर लोक त्यांत शिकले होते. या शाळांमध्ये काय शिकवायचे, तर वेल्श वाचायला. लिहायला शिकवत नसत. तेव्हा १७७० च्या सुमारास फुली मारून मेलेली एखादी विधवा रोज संध्याकाळी स्वतःचं बायबल वाचत असेल, हे पूर्ण शक्य आहे. जे मृत्युपत्र तिच्या नावाने इंग्रजीत लिहिलं गेलं, तेवढंच तिला वाचता आलं नसतं. हे लक्षात आल्यापासून त्या फुल्यांकडे मी वेगळ्या आदराने बघते.

नावांचा उलगडा मराठी माणसाला चटकन होतो. आडनाव असं नव्हतंच. 'ॲप' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वेर्ख' म्हणजे अमकीची नव्हे, अमक्याची मुलगी. कधीकधी बापाच्या पुढे आजोबा, पणजोबाही. मग इंग्रज पद्धतीने ॲप हॉवेलचा पॉवेल झाला, ॲप रीसचा प्राइस, ॲप ह्यूचा प्यू. एकाच घरच्या तीन पिढ्यांची मृत्युपत्रं ओळीने लावली तर हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो. लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायकाही जुन्या कागदांत बापाच्याच नावाने वावरतात.

बायकांचं पुढे. नवरा जिवंत असलेल्या बाईला मृत्युपत्र करायचं तर त्याची संमती लागायची, कारण तिची जंगम मालमत्ता कायद्याने त्याचीच. हे १८८२ च्या कायद्यापर्यंत चाललं. म्हणून बायकांची मृत्युपत्रं आहेत ती विधवांची आणि अविवाहितांची, आणि माझ्या मते संपूर्ण साठ्यात सर्वात बोलकी तीच. पुरुष गुरं वाटतात, बाई कपडा वाटते. चांगला झगा हिला, लाल पेटीकोट तिला, टोपी, चादरी, चरखा. वाटण्याजोगं जेवढं हातात आहे, तेवढं ती बारकाईने आणि नावानिशी वाटते.

वेल्समध्ये एक जुनी चाल होती. माणसाला आपली सगळी जंगम मालमत्ता मनाला येईल तशी देता येत नसे. एक तृतीयांश बायकोचा, एक तृतीयांश मुलांचा, आणि उरलेला तिसरा हिस्सा मेलेल्याचा, त्याच्या मर्जीचा. इंग्लंडच्या बहुतेक भागांतून ही चाल केव्हाच गेली होती, वेल्स, यॉर्क आणि लंडनने ती धरून ठेवली होती. १६९६ मध्ये संसदेने कायदा करून वेल्समधून ती काढून टाकली. मृत्युपत्र करणाऱ्याला स्वातंत्र्य मिळालं असं त्या कायद्याचं म्हणणं. माझ्या टेबलावर बसून मी जे पाहिलं, त्यावरून मी या कायद्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही. घरातला कर्ता माणूस सगळं मुलाच्या नावाने करून जातो आणि त्याची बायको सही करायला येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी पाहिलेलं आहे. वेल्सच्या मृत्युपत्रांतही ती भीती दिसते. चांगला नवरा असेल तर तो मुलाला अटी घालून जातो. आईला घरात अमुक खोली द्यायची, चुलीशी जागा द्यायची, तिच्या एका गायीला चारा द्यायचा, जळण द्यायचं. मुलावर विश्वास असता तर हे लिहावं लागलं असतं का? लिहिलं, हे मात्र बरं केलं.

बँकेच्या माणसाला या कागदांत आणखी एक गोष्ट खिळवून ठेवते, ती म्हणजे येणी. बँका नव्हत्या. दोन पैसे शिलकीत असलेली विधवा शेजाऱ्यांना कर्ज द्यायची. कोणाकडे दहा शिलिंग, कोणाकडे दोन पौंड, कागदावर असलेलं वेगळं आणि तोंडी दिलेलं वेगळं. यादी करणारे या येण्यांचेही भाग पाडायचे. वसूल होईल असं येणं आणि 'डेस्परेट', म्हणजे आशा सोडलेलं. आमच्याकडे बुडीत कर्जाची वर्गवारी करायला परिपत्रकं यायची. तिथे ती वर्गवारी गावातले तीन शेतकरी, कर्जदाराला लहानपणापासून ओळखणारे, उभ्या उभ्या करत होते. पैसा दूरवर न्यायचा तर गुरं हाकत इंग्लंडच्या बाजारापर्यंत जाणारे ड्रोव्हर होते. वेल्सची काळी गुरं त्यांच्याबरोबर जायची आणि परत येताना पैसे यायचे, लोकांचे निरोप यायचे. अशाच एका ड्रोव्हरने, डेव्हिड जोन्सने, १७९९ साली लँडोव्हरीला बँक काढली. काळ्या बैलाची बँक म्हणून तिची ओळख, नोटांवर बैल छापलेला.

याद्यांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच काळात, याच साच्यातल्या याद्या कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत होत होत्या आणि तिथे गुरांच्या खाली माणसांची नावं आणि किमती लिहिल्या जात होत्या. कार्डिफचा विल्यम वेल्स (वेल्स हे त्याचं आडनाव) सेंट किट्स बेटावर साखरेवर श्रीमंत झाला. १७९४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्राने संपत्तीचा मोठा भाग त्याच्या मुलाला, नॅथॅनिएलला दिला. या मुलाची आई त्याच घरातली गुलाम स्त्री होती. नॅथॅनिएल वेल्सने चेपस्टोजवळ पिअर्सफील्डची जहागीर विकत घेतली आणि १८१८ मध्ये तो मॉनमथशायरचा शेरीफ झाला, ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय शेरीफ. आणि वडिलांच्या वारशातून तो स्वतःही गुलामांचा मालक होता. मृत्युपत्र हा कागद माणसाला मालकही करतो आणि वस्तूही करतो, आणि इथे एकाच कुटुंबात दोन्ही झालं. यावर सहज मत देणं मला जमत नाही, पण हे वाचल्यापासून 'आयटम' हा शब्द माझ्यासाठी निरागस राहिलेला नाही.

आणि मॅडम बेव्हन. लार्नच्या ब्रिजेट बेव्हन, श्रीमंत विधवा, ग्रिफिथ जोन्स यांच्या शाळांच्या आधारस्तंभ. जोन्स शेवटच्या काळात त्यांच्याच घरी राहिले, तिथेच वारले, आणि शाळांचा पैसा त्यांच्या हाती सोपवून गेले. बाईंनी पुढे १७७९ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, शाळा चालवल्या आणि आपल्या मृत्युपत्रात शाळांसाठी १०,००० पौंड ठेवले. त्या मृत्युपत्राला आव्हान दिलं गेलं. प्रकरण चॅन्सरी कोर्टात गेलं आणि पैसा तिथे अडकला. १८०४ मध्ये सुटला तोवर व्याजासकट तो ३०,००० च्या वर गेला होता. रक्कम तिप्पट झाली, पण मधल्या पंचवीस वर्षांत त्या पैशावर एकही शाळा भरली नाही. जी मुलं त्या हिवाळ्यांत शिकली असती ती मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. बाला गावच्या थॉमस चार्ल्स यांनी १७८५ पासून पुन्हा फिरत्या शाळा आणि मग रविवारच्या शाळा उभ्या केल्या, म्हणून बरं. त्या संपूर्ण देशात सर्वात जास्त लोकांच्या उपयोगी पडणारं मृत्युपत्र कोणाचं होतं असं विचारलं तर मी या बाईंचं नाव घेईन, आणि वादाने सर्वात जास्त नुकसान केलं तेही त्याच मृत्युपत्राचं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याद्या विरळ होत जातात. कोर्टांनी आग्रह धरणं सोडलं, वाद असेल तरच यादी मागायची. एकूण मालमत्ता अमुक पौंडांच्या आत, एवढी शपथ पुरेशी झाली. एकोणिसाव्या शतकात तर आणखी एक विसंगती वाढत गेली. वेल्समधले बहुसंख्य लोक चॅपलमध्ये जाणारे, अँग्लिकन चर्चपासून दूर गेलेले, तरी त्यांच्या भांड्याकुंड्यांचा निवाडा अँग्लिकन बिशपच्याच कोर्टात. १८५७ चा कायदा झाला आणि ११ जानेवारी १८५८ पासून हे काम सरकारी प्रोबेट कोर्टाकडे गेलं. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्याआधीच घर रिकामं झालेलं होतं. गाय नाही, पातेलं नाही, फक्त आकडा.

यंदा मी माझं मृत्युपत्र केलं. वकील मुलगा हुशार आहे. त्याने मसुद्यात 'घरातील सर्व जंगम वस्तू, भांडी, फर्निचर इत्यादी' असं एका ओळीत बसवलं होतं. मी त्याला त्यापुढे यादी जोडायला सांगितली. तो म्हणाला, मावशी, याची गरज नाही, यादी तर एक्झिक्युटर नंतर करेलच. मी म्हटलं, तो काय काय होतं ते लिहील, कोणाला ते त्याला कसं कळणार? त्याने वाद घातला नाही. पितळी डबे भाचीला. आईचा चंदेरी शालू तिच्या मुलीला, तिला तो रंग आवडतो म्हणून. शिवणयंत्र आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईंना, त्या त्यावर ब्लाउज शिवतात आणि दुरुस्तीही त्यांनीच करून घेतली आहे. वकिलाने दोन पानं टाइप केली, मी प्रत्येक पानावर सही केली आणि दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर केली. मूळ प्रत आता बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि एक झेरॉक्स मी भाचीला कार्डिफला पाठवली आहे.